डिझेल सांडलेल्या मातीचे दोन अहवाल जुळत नाहीत: कोणता आकडा धरावा?

वाफा_आणि_टाकी यांचा प्रश्न

नमस्कार. मी ज्या संस्थेत देखभालीचे काम पाहतो, तिच्या आवारात जनित्रासाठी डिझेलची एक टाकी आहे. टाकी चौथऱ्यावर उघडी असून तिच्यापासून जनित्राच्या खोलीपर्यंत इंधनाची नळी जमिनीखालून गेली आहे. दीड महिन्यापूर्वी टाकी भरताना पाइप निसटला आणि अंदाजे ६० लिटर डिझेल शेजारच्या झाडांच्या वाफ्यात गेले. त्याच दिवशी आम्ही वाफ्यातील वरची वीतभर माती काढली आणि ताडपत्रीखाली झाकून बाजूला ठेवली.

उरलेली जमीन स्वच्छ आहे की नाही हे समजावे, म्हणून गेल्या पंधरवड्यात मी स्वतः नमुने घेतले. तीन ठिकाणी हातभर खोल खणून माती बादलीत एकत्र केली, नीट कालवली, तिचे दोन भाग केले आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून दोन वेगळ्या प्रयोगशाळांकडे पाठवले. एकाच मातीचे दोन अहवाल हाती असले की खात्री पटेल, असा माझा हेतू होता. प्रत्यक्षात उलटेच झाले. पहिल्या अहवालात ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ ३४०० मिलिग्रॅम प्रति किलो आहेत, तर दुसऱ्यात ‘सी१० ते सी४० हायड्रोकार्बन’ १२५० मिलिग्रॅम प्रति किलो. आम्हाला जी मर्यादा पाळण्यास सांगितले आहे, ती नेमकी या दोन आकड्यांच्या मध्ये येते. म्हणजे एका अहवालाप्रमाणे आणखी माती काढावी लागेल आणि दुसऱ्याप्रमाणे काम संपले आहे. बेंझीन मात्र दोन्ही अहवालांत ‘आढळले नाही’.

यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा? दोन्हींची सरासरी धरणे योग्य ठरेल का? आणि बेंझीन आढळले नाही, यावर निश्चिंत राहावे का?

क्रोमॅटोग्राम_वाचक यांचे उत्तर

सरासरी कृपया काढू नका. दोन्ही प्रयोगशाळांनी आपापले काम चोख केले असूनही हे आकडे येऊ शकतात, कारण त्यांनी एकच गोष्ट मोजलेलीच नाही. मी बरीच वर्षे याच कामात आहे आणि ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ या शब्दांइतका गैरसमज दुसऱ्या कोणत्याही शीर्षकाने केलेला मी पाहिलेला नाही. डिझेल हा एक पदार्थ नसून शेकडो संयुगांचे मिश्रण आहे. तेव्हा ‘एकूण’ म्हणजे किती, हे द्रावक कोणता वापरला, अर्क कसा शुद्ध केला आणि शेवटी मोजले कशाने यावर ठरते. पद्धतीचे नाव नसलेला असा आकडा म्हणजे एकक न सांगता दिलेले अंतर समजा.

आपण दोन्ही अहवालांत ‘चाचणी पद्धत’ हा रकाना पाहावा. माझा अंदाज असा की पहिल्या प्रयोगशाळेने वजनी पद्धत वापरली असावी. तीत माती हेक्झेनसारख्या द्रावकात उकळून तिच्यातील विरघळणारे सर्व काही बाहेर काढतात, द्रावक उडवून देतात आणि भांड्यात उरलेला चिकट अवशेष तराजूवर तोलतात. तराजूला डिझेल आणि पानांचे मेण यांतला फरक कळत नाही. वाफ्याची माती म्हणजे कुजलेले खत, मुळे, पालापाचोळा. त्यांतील मेद, मेण आणि रेझिनसुद्धा त्या अवशेषात येतात आणि पेट्रोलियम म्हणून मोजले जातात. दुसरीकडे, द्रावक उडवताना डिझेलचा हलका भागही त्याच्यासोबत उडून जातो. म्हणजे ही पद्धत एका अंगाने जास्त दाखवते आणि दुसऱ्या अंगाने कमी, त्यामुळे तिचा आकडा खऱ्यापेक्षा वर आहे की खाली, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

दुसऱ्या अहवालातील ‘सी१० ते सी४०’ या शब्दांवरून ती गॅस क्रोमॅटोग्राफी असणार हे उघड आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे १६७०३ हे २००४ साली प्रथम आलेले मानक नेमक्या याच टप्प्यासाठी आहे. त्या पद्धतीत अर्क फ्लोरिसिल नावाच्या शोषक भुकटीतून गाळतात. ध्रुवीय संयुगे, म्हणजे आम्ले, एस्टर आणि ह्युमसमधून आलेले पदार्थ, भुकटीत अडकतात आणि हायड्रोकार्बन पुढे जातात. मग तो अर्क लांब, केसासारख्या बारीक नळीतून तापवत नेतात. कमी तापमानाला उकळणारी संयुगे आधी बाहेर येतात, जड संयुगे मागून, आणि नळीच्या टोकाशी हायड्रोजनच्या ज्योतीत जळताना प्रत्येकाची नोंद आलेखावर होते. दहा कार्बन अणूंच्या सरळ साखळीपासून चाळीस कार्बनांच्या साखळीपर्यंत आलेखाखाली जेवढे क्षेत्र येते, तेवढे मोजले जाते. पेट्रोलचा बराचसा भाग दहा कार्बनांच्या आधीच संपत असल्यामुळे पेट्रोल सांडलेल्या मातीचा याच चाचणीतील अहवाल फसवा ठरेल, पण डिझेलसाठी हा टप्पा योग्य आहे.

(पूर्वी फ्रिऑन-११३ मध्ये अर्क काढून इन्फ्रारेडने मोजण्याची एक सोपी आणि लोकप्रिय पद्धत होती. ओझोन थराचे नुकसान करणाऱ्या द्रव्यांवर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर बंधने येत गेली आणि तीही मागे पडली. जुन्या अहवालांशी तुलना करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

आता आणखी एक साधी गोष्ट पाहा, जी बहुतेक जण वगळतात. अहवालात ‘कोरड्या वजनावर’ असे लिहिले आहे की ‘मिळालेल्या स्थितीत’? नमुन्याचा एक वेगळा भाग १०५ अंश सेल्सिअसला सुकवून त्यातील ओलावा काढतात. वेगळा भाग अशासाठी की चाचणीची मातीच सुकवली, तर इंधनही निघून जाईल. समजा ओलावा २२ टक्के असेल आणि १२५० हा आकडा ओल्या मातीवरचा असेल, तर कोरड्या मातीवर तो १२५० भागिले ०.७८, म्हणजे सुमारे १६०० होतो. आपल्याला दिलेली मर्यादा बहुधा कोरड्या वजनावर असेल, तेव्हा हे आधी तपासा. कदाचित दुसऱ्या अहवालाप्रमाणेही काम संपलेले नसेल.

बेंझीनबद्दल: डिझेल साधारण १६० ते ३७० अंशांदरम्यान उकळते आणि बेंझीन ८० अंशांना, म्हणून शुद्धीकरणानंतर डिझेलमध्ये बेंझीन मुळातच फार थोडे राहते. ते आढळले नाही यात आश्चर्य नाही आणि त्यातून दिलासाही फारसा मिळत नाही. आपल्या प्रकरणात नॅप्थॅलीन आणि फेनान्थ्रीन यांसारखी दोन-तीन कड्यांची सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक, म्हणजे कार्बनच्या बंद कड्यांची) संयुगे विचारणे अधिक उपयोगाचे ठरेल. नॅप्थॅलीन २१८ अंशांना उकळते, म्हणजे डिझेलच्या पट्ट्याच्या आत येते. ‘आढळले नाही’ या शब्दांसमोर नोंद-मर्यादा, म्हणजे ज्याखालचे प्रमाण प्रयोगशाळा आकड्यात देत नाही ती पातळी, किती दिली आहे, तेही पाहावे. ‘५० पेक्षा कमी’ म्हणजे शून्य नव्हे.

ऑगरवाला यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण माझ्या मते गडबड प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच झालेली आहे. वाईट वाटून घेऊ नये. पहिल्यांदा नमुने घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो, आणि मीही केले आहे.

तीन ठिकाणची माती बादलीत कालवून एक नमुना करणे शेतातील खतमात्रा ठरवताना शहाणपणाचे असते. सांडलेल्या इंधनाच्या बाबतीत मात्र त्यामुळे दोन गोष्टी हातातून जातात. पहिली म्हणजे जागा. तीनांपैकी एका खड्ड्यात ४५०० असेल आणि दोहोंत जवळपास काहीच नसेल, तर मिश्रणात १५०० दिसेल आणि नेमके कोठे खणायचे हे कधीच समजणार नाही. दुसरी म्हणजे बाष्पनशील अंश. उघड्या बादलीत माती कालवणे म्हणजे तिला वारा घालणे. पेट्रोलच्या बाबतीत असा नमुना सरळ फेकून द्यावा लागतो. डिझेलमध्ये नुकसान कमी होते, तरी हलके टोक आणि नॅप्थॅलीनचा काही भाग जातोच. अशा नमुन्यावरून दिलेल्या ‘बेंझीन आढळले नाही’ या वाक्याचा अर्थ ‘बादलीत उरले नव्हते’ एवढाच होतो.

शिवाय कितीही कालवली तरी ओली चिकणमाती एकजीव होत नाही. डिझेल ढेकळांच्या भेगांत आणि मुळांच्या वाटांत बसते. एका पिशवीत तसे एखादे ढेकूळ गेले आणि दुसरीत नाही, तर आकडा सहज दुप्पट होतो. म्हणून एकाच मातीचे दोन भाग दोन प्रयोगशाळांना पाठवण्यापेक्षा तेच पैसे एका प्रयोगशाळेकडे अधिक नमुने देण्यात घालावेत आणि त्यांतील एकाची जोडप्रत वेगळ्या क्रमांकाने पाठवावी, असे मी सुचवेन. दोन जोडनमुन्यांत किती फरक पडतो, यावरून आपल्या मातीचा स्वभाव कळतो.

प्लास्टिकची पिशवी तर नकोच. हायड्रोकार्बन प्लास्टिकमध्ये शोषले जातात आणि प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये उलट नमुन्यात उतरतात. टेफ्लॉनच्या अस्तराचे झाकण असलेली काचेची बरणी घ्यावी, ती काठोकाठ भरावी, झाकणाच्या आट्यांवरची माती पुसावी आणि बरणी लगेच बर्फाच्या पेटीत ठेवावी. नमुना ४ अंशांच्या आसपास राहिला पाहिजे, आणि डिझेलच्या टप्प्यातील चाचणीसाठी त्याचा अर्क १४ दिवसांच्या आत निघाला पाहिजे; अर्क निघाल्यावर तो ४० दिवसांपर्यंत चालतो. बेंझीन, टोल्युइन, झायलीन खरोखर मोजायचे असतील, तर मातीचा सुमारे ५ ग्रॅमचा गाभा छोट्या कोरने, म्हणजे मातीत खुपसायच्या पोकळ नळीने, थेट उचलून आधीच वजन केलेल्या, मेथॅनॉल भरलेल्या कुपीत घालतात. ती कुपी पुन्हा उघडायची नसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाफ्याच्या त्याच मातीचा, त्याच खताचा, पण डिझेल न पोहोचलेल्या ठिकाणचा एक नमुना घ्या. तो नसेल तर ३४०० पैकी किती डिझेल आणि किती पालापाचोळा, हे कोणीही सांगू शकणार नाही.

चिखलवाट यांचे उत्तर

इतका खटाटोप खरोखर आवश्यक आहे का, असा माझा प्रश्न आहे. डिझेल खाणारे जिवाणू मातीत असतातच. माती भुसभुशीत करून थोडा युरिया द्यावा आणि ओलावा राखावा, तर काही महिन्यांत वास जातो. आम्ही एकदा असेच केले होते. खात्रीसाठी माती पाण्यात ढवळून वर तवंग येतो का पाहिले. तवंग नव्हता.

ऑगरवाला यांचे उत्तर

जिवाणूंबद्दल आपले म्हणणे खरे आहे. डिझेलमध्ये कार्बन भरपूर आणि नायट्रोजन जवळजवळ नाही, त्यामुळे जिवाणू मातीतील नायट्रोजन संपवतात आणि थांबतात. युरिया दिल्याने ते पुन्हा कामाला लागतात. पण सुरुवातीचा आकडा नसेल, तर उपाय चालला की नाही हे कळणार कसे? वास हा साक्षीदार कच्चा आहे. हलकी, वासाची संयुगे आधी जातात आणि जड भाग मागे राहतो. शिवाय काही मिनिटांत आपले नाकच त्या वासाला सरावते. मुद्दाम हुंगून पाहण्याची सवय तर आरोग्याच्या दृष्टीनेही चांगली नाही.

तवंगाची चाचणी ढोबळ म्हणून ठीक आहे, मात्र एक काळजी घ्यावी. लोहयुक्त पाण्यात जिवाणूंमुळेही इंद्रधनुषी पापुद्रा येतो. काडीने डिवचल्यावर तो काचेसारखा तुकड्यातुकड्यांत फुटतो. तेलाचा तवंग फाटतो आणि पुन्हा जुळून येतो. जागेवरची चाळणी म्हणून प्रकाश-आयनीभवन मापक, म्हणजे पीआयडी, मी स्वतः नेहमी वापरतो. माती बंद पिशवीत घालून थोडा वेळ ठेवायची आणि वरच्या हवेचे मापन करायचे. पेट्रोलसाठी हे उत्तम आहे. डिझेलची वाफ थोडी असल्याने तेथे कमी आकडा आला, तरी माती स्वच्छ आहे असे समजू नये. कोणत्या खड्ड्यातून नमुना घ्यायचा हे ठरवण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

वाफा_आणि_टाकी यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अहवाल पुन्हा पाहिले. पहिली चाचणी खरोखरच हेक्झेन-अर्काची वजनी पद्धत आहे आणि आकडा कोरड्या वजनावर आहे. दुसरी गॅस क्रोमॅटोग्राफी असून खाली बारीक अक्षरांत ‘मिळालेल्या स्थितीत’ असे लिहिले आहे. ओलावा २२ टक्के हा आपला अंदाज कसा बरोबर आला, याचे नवल वाटते.

दुसऱ्या अहवालासोबत आलेखाचे एक पान आहे, ज्याकडे मी तोवर लक्षच दिले नव्हते. मध्यभागी टेकडीसारखा एक रुंद उंचवटा आहे, त्यावर काटे फारसे नाहीत. अगदी उजवीकडे मात्र तीन-चार उंच, सुटे काटे आहेत. आवश्यक वाटल्यास पुढील वाचनासाठी आणखी काय पाहू?

क्रोमॅटोग्राम_वाचक यांचे उत्तर

ओलाव्याचा अंदाज जुळला हा योगायोग; खत घातलेल्या मातीत तेवढा असतोच. पण आपण जे पान दुर्लक्षित म्हणता, तेच माझ्या दृष्टीने अहवालाचे सर्वांत मोलाचे पान आहे. आकडा हा त्या चित्राचा सारांश असतो.

उजवीकडचे उंच काटे बहुधा २७, २९ आणि ३१ कार्बनांच्या सरळ साखळ्या असतील. पानांवरील मेणात विषम संख्येच्या साखळ्या ठळकपणे जास्त असतात. डिझेल साधारण पंचविशीच्या आसपास संपते आणि त्यात सम-विषम असा भेद नसतो. गंमत अशी की हे मेण रासायनिकदृष्ट्या हायड्रोकार्बनच असल्यामुळे फ्लोरिसिलही त्याला अडवत नाही, म्हणजे आपल्या १६०० मध्येही काही भाग झाडांचा आहे. आयएसओ पद्धतीने शुद्ध केलेल्या आकड्यालाही अंतिम सत्य मानू नये, ते यासाठीच. किती भाग झाडांचा, हे ऑगरवाला यांनी सुचवलेला स्वच्छ नमुना सांगेल.

मला खरे खटकले ते मधल्या टेकडीवर काटे नसणे. ताज्या डिझेलचा आलेख कंगव्यासारखा दिसतो: टेकडी असते आणि तिच्यावर सरळ साखळ्यांचे समान अंतरावरचे दात असतात. जिवाणू सर्वप्रथम याच सरळ साखळ्या खातात. सतरा कार्बनांच्या साखळीला लागूनच प्रिस्टेन नावाचे फांदीदार संयुग येते, अठराच्या शेजारी फायटेन. शेजारी बाहेर येणारी ही संयुगे जवळपास सारख्याच वेगाने उडतात, म्हणून केवळ बाष्पीभवनाने त्यांचे गुणोत्तर फारसे बदलत नाही. मात्र जिवाणूंना फांदीदार रेणू पचवणे कठीण जाते, त्यामुळे सतराचा काटा खचत जातो आणि प्रिस्टेन ताठ उभे राहते. दात इतके झिजलेले असतील, तर ते डिझेल बरेच पचलेले आहे.

दीड महिन्यात, उबदार आणि खत घातलेल्या वरच्या मातीत हे अशक्य नाही, हे मी स्पष्ट सांगतो. या गुणोत्तरावरून गळतीचे वय काढणारे लोक आहेत. माती, हवा आणि ओलावा यांवर इतके काही अवलंबून असते की मी स्वतः तसे धाडस करत नाही. पण आपण हातभर खोल खणले होते, आणि त्या खोलीवर प्राणवायू कमी असल्याने सहसा वेगही मंदावतो. म्हणून तुलना हवी. ताडपत्रीखालचा ढीग हा त्या दिवशीच सांडलेल्या डिझेलचा साक्षीदार आहे. त्याचा एक नमुना आणि टाकीतील डिझेलचा एक छोटा नमुना याच पद्धतीने चालवून तीनही आलेख शेजारी ठेवावेत. ढिगाच्या आलेखात दात स्पष्ट असतील आणि वाफ्यात नसतील, तर वाफ्यातील डिझेल कदाचित त्या दिवसाचे नसेल.

आपण सुरुवातीला जमिनीखालून जाणाऱ्या नळीचा उल्लेख केला होता. ती वाफ्याच्या किती जवळून जाते?

वाफा_आणि_टाकी यांचे उत्तर

नळी वाफ्याच्या कडेनेच जाते, आणि तिचा एक जोड तेथेच कोठेतरी आहे, असे जुन्या नकाशात दिसते. आपला प्रश्न वाचल्यावर मी जनित्राची नोंदवही काढली. चाललेले तास आणि भरलेले डिझेल यांचा मेळ गेल्या पावसाळ्यापासून बसत नाही. आम्ही तो फरक मोजपट्टीच्या चुकीवर टाकत आलो होतो.

आज सकाळी टाकीजवळची झडप बंद करून घेतली आहे आणि नळीची दाबचाचणी करण्यास सांगितले आहे. नळीच्या रेषेवर चार ठिकाणी, प्रत्येकी अर्धा मीटर आणि दीड मीटर खोलीवर नमुने घेण्याचे ठरवले आहे. आणखी एक आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या वाफ्यातून, आणि एक ढिगातून. सर्व काचेच्या बरण्यांत, न मिसळता, एकाच प्रयोगशाळेकडे जातील.

ऑगरवाला यांचे उत्तर

उत्तम. नळीची नेमकी जागा शोधून झाल्याशिवाय ऑगर, म्हणजे माती काढायचा गिरमिट, खाली घालू नका, आणि विजेच्या तारांचा नकाशाही आधी पाहा. दीड मीटरवर पाणी लागले, तर मातीचा नमुना पाण्याच्या पातळीच्या किंचित वरून घ्या. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते त्याच पट्ट्यात पसरून बसते, आणि पातळी वरखाली होते तसा तो पट्टाही जाड होत जातो. स्वच्छ जागेपासून सुरुवात करून सर्वांत घाण वाटणाऱ्या ठिकाणी शेवटी जावे, आणि दोन भोकांमध्ये ऑगर साबणाच्या पाण्याने धुवावा.

क्रोमॅटोग्राम_वाचक यांचे उत्तर

आणि प्रयोगशाळेकडे मागणी करताना आकड्यांसोबत सर्व आलेख, कोऱ्या (माती न घालता चालवलेल्या) नमुन्याचा निकाल आणि ओर्थो-टर्फेनिलची प्रतिप्राप्ती, म्हणजे ते किती टक्के परत मिळाले, हे लेखी मागा. हे संयुग प्रत्येक नमुन्यात अर्क काढण्यापूर्वी ठरावीक मात्रेत घालतात. त्यातले निम्मेच परत मिळाले असेल, तर त्या नमुन्यातील डिझेलही तितकेच निसटले असण्याची शक्यता असते. आलेख आले की येथे वर्णन लिहा, विशेषतः दीड मीटरवरच्या नमुन्यांचे.

वाफा_आणि_टाकी यांचे उत्तर

जरूर. दाबचाचणीत नळीने दाब धरला नाही, एवढे आत्ताच कळले आहे. उद्यापासून खणतो.